चिखलात चालणारा पाय

१२ जुलै २०२५

राजदीप,

जयभीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास. दिव्यानीच्या मोबाईलवरून लावला तर तिचाही केलास. माझ्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं होतं? मग म्हटलं, मामाला कागदच पाठवू. अहेरीत सुरजच्या वेल्डिंगच्या दुकानात तू खिडक्यांच्या ग्रिल जोडतोस एवढं कळलंय, म्हणून त्याच पत्त्यावर टाकते. फाडायचं तर फाड. पण तू फाडणार नाहीस. शाळेत असताना जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, ती शिवून नवी वही करणारा माणूस तू. तुला कागद फाडवत नाही.

परवापासून धानाचा रोवणा सुरू झाला. यंदाही टोळीच्या पुढं मीच आहे. बावीस बाया, आणि रोपांची पहिली ओळ, पहिली पात माझी. हे आधी सांगते, कारण बहीण घरी बसून रडत असेल असं तुझ्या मनात आलं असेल तर ते काढून टाक. तू केलेला पाय मात्र घालत नाही. शिबिरात मिळालेला तो जुना पाय माळ्यावरून काढला. चिखलात रुतला की निघता निघत नाही. काल पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीच्या मधोमध अडकले तर बायनाबाई मागून ओरडली, “वच्छला, धान रोवून राह्यली का पाय?” सगळ्या बाया खिदळल्या. मीही हसले, काय करणार.

सात वर्षांपूर्वी घोणस चावली आणि गुडघ्याखालचा पाय गेला, तेव्हा ह्याच बाया म्हणाल्या होत्या की वच्छलाचा रोवणा संपला. शिबिरात एका दिवसात साठ जणांची मापं घेतली. पाय मिळाला, डांबरी रस्त्यावर चालण्यापुरता. बांधीत उतरायचं आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलंस तू. नागपूरच्या केंद्रात कारागीर होतास, सुट्टीवर आलास, अंगणात प्लास्टरची बादली घेऊन बसलास आणि म्हणालास, “बाई, तुले हा पाय कुठी कुठी न्यायचा आहे, ते आधी सांग.” तोवर हा प्रश्न मला ना डॉक्टरनं विचारला होता, ना तुझ्या भाऊजींनी. मी म्हटलं, चिखलात.

भोकं माझीच कल्पना. ते मी कधी नाकारलं नाही. उरलेला पाय ज्या प्लास्टिकच्या वाटीत बसतो, तिच्यात पाणी साचून पाय जड व्हायचा. मी म्हटलं, खाली दोन भोकं पाड, पाणी निघून जाईल. तू म्हणालास, वाटी कमजोर होईल. मी म्हटलं, तू पाड रे. पाडलीस. आणि त्या वर्षी मी पुन्हा पहिली पात धरली. आख्ख्या गावात असा पाय कुणी पाहिला नव्हता. मग तू नोकरी सोडलीस, ब्रह्मपुरीत बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलंस आणि बोर्डावर माझा फोटो लावलास, गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. जीपवाले मला ओळखायला लागले. “बोर्डवाली बाई” म्हणायचे. मला किती आवडायचं ते, तुला सांगितलं नव्हतं.

आता एप्रिलमधलं. तुझ्याकडून असाच भोकाचा पाय घेतलेल्या झाडूभाऊचा गुडघा कापावा लागला. तुझ्या पायानं जखम झाली, जखम चिघळली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, असा पाय आणखी कोण घालतं, तर त्यानं माझं नाव सांगितलं. मला बोलावणं आलं. “तुम्हाला काही त्रास?” मी पाय काढून टेबलावर ठेवला आणि भोकापासून वर गेलेली चीर दाखवली, एम-सीलनं बुजवलेली. तू दारात उभा होतास हे मला माहीत नव्हतं. तुला आधी न सांगता परक्याला दाखवलं, हाच तुझा राग ना? अरे, चीर थोडेच दिवस आधी पडली होती. मी सांगणारच होते.

तू तिथून तसाच निघालास. दुकानाला कुलूप, बोर्ड खाली, आणि थेट अहेरी. बोर्ड मी घरी आणलाय. तुझे भाऊजी म्हणाले, पत्रा चांगला आहे, गोठ्यावर टाकू. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार.

ग्रिल कुणीही जोडतं, राजदीप.

तुझी बाई,
वच्छला


१९ ऑगस्ट २०२५

राजदीप,

उत्तर नाही. बरं. मीही त्याच आईच्या पोटची आहे, मला कंटाळा येत नाही.

रोवणा उरकला. पहिली बांधी रोवली त्याच्या तिसऱ्या दिवशीच टोळी परत तिच्यात गेली, तरंगलेली रोपं लावायला. तू लहानपणी आईच्या पदराला धरून यायचास, तुला आठवत असेल. जिची पात तिनंच आपली तरंगलेली रोपं उचलायची आणि पुन्हा रोवायची. दुसरीनं हात लावायचा नाही, मालकाला सांगायचंही नाही. आईची कधी चारपाच निघायची. माझी यंदा सतरा निघाली. जुन्या पायानं नीट वाकता येत नाही, रोप वरवर टेकवलं जातं. मी पाय काढून बांधावर ठेवला, गुडघ्यांवर रांगत सतराच्या सतरा लावली. बायनाबाई बांधावर उभी राहून बघत होती, पण उतरली नाही. उतरली असती तर मी तिच्याशी भांडले असते.

रांगता रांगता तुझं एक वाक्य डोक्यात आलं. यंदा होळीला फुशारकीनं म्हणाला होतास, “बाई, चौदा जण चिखलात उतरवले म्या!” भोकाचे चौदा पाय. एक माझा, एक झाडूभाऊचा. मग उरलेले बारा कुठं आहेत?

मी दुकानाचं कुलूप उघडून सगळं पाहिलं. एका चिठोऱ्यावर एक नाव नाही. कोरी पानं शिवून ठेवणारा माणूस, आणि त्यावर कुणाचं नाव लिहू नये? विचारलं की तू म्हणायचास, मी माणूस पायावरून ओळखतो. ओळखतोस रे. पण तू अहेरीला जाऊन बसल्यावर आम्ही कुणावरून ओळखायचं?

मग मी आणि दिव्यानीनं शोध सुरू केला. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर जीपवाल्यांना विचारलं, कंडक्टरांना विचारलं, बाजारात भाजीवाल्यांना विचारलं, भोकाचा पाय घालणारं कुणी पाहिलं का? दिव्यानीनं कॉलेजच्या ग्रुपवर माझ्या पायाचा फोटो टाकला. लोक आधी हसले, मग सांगायला लागले. माझा अमका मावसा, आमच्या गावचा तमका गवंडी. महिनाभर हेच चाललंय. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन मी एकच म्हणते, पाय काढा, मला खालून बघू द्या.

अकरा सापडले. त्यातल्या तिघांचे तडकलेत.

मोहर्लीला पुनम म्हणून पोरगी आहे, जंगल सफारीत गाइड. तिच्या वाटीला आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, “चार महिने झाले बाई. पण सांगू कोणाले? राजदीपभाऊले वाईट वाटलं तर दुसरा पाय कोण करून देईन? आपल्याकडे येते कोण?” गवंड्यानं दोन मोजे चढवले होते, एकीनं कापूस कोंबला होता. सगळ्यांचं उत्तर एकच. दुखतं हे तुला कळू नये म्हणून प्रत्येकानं आपापली शक्कल लढवली होती. मी प्रत्येकाला रागावले. पुनमला तर इतकं बोलले की तिच्या आईनं मला पाणी दिलं नाही. रागावताना माझ्याच कानशिलात बसल्यासारखं होत होतं, ते का, हे आत्ता लिहीत नाही.

आता काम सांगते. बारावा सापडत नाही. तो कोण, हे तुझ्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. माझ्यावरचा राग ठेव तसाच, सांभाळून ठेव. पण त्या माणसाचं नाव कळव. तो रोज त्या पायावर उभा राहतोय.

आणखी एक. गडचिरोलीला २२ सप्टेंबरला बैठक आहे. मापानं बनवलेल्या वस्तू वापरणाऱ्यांना बोलावलंय, पाय, कॅलिपर, कानाचं यंत्र, दाताची कवळी, सगळं. अशा वस्तूंवर लक्ष कसं ठेवावं हे खात्याचे साहेब आमच्याकडून ऐकणार आहेत म्हणे. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं माझं नाव दिलं. मी जाणार आहे. झाडूभाऊ आणि त्याची बायको सीताबाईही येणार आहेत. सीताबाईच्या समोर कसं उभं राहायचं, ते अजून ठरत नाही.

तू येशील तर बरं. नाही आलास तर नाव तरी पाठव.

तुझी बाई


२५ सप्टेंबर २०२५

राजदीप,

तुझं कार्ड मिळालं. एक नाव, एक गाव, सिरोंचाकडचं. ना जयभीम, ना सही. पण अक्षर तुझं. मी ते तीनदा वाचलं, वाचण्यासारखं त्यात काही नसताना. दिव्यानीनं लगेच तिथल्या ग्रामपंचायतीत फोन लावला. माणूस सापडला. वाटी तडकली होती, कातडी अजून फुटली नव्हती. त्याला पाय काढून ठेवायला सांगितलं, दवाखान्यात दाखवलं. बारा झाले. आता ह्या भोकांपायी आणखी कुणाचा गुडघा जाणार नाही. हे काम तुझ्या बहिणीनं आणि भाचीनं केलं, कुठल्या खात्यानं नाही. एवढं मोठं तोंड करून सांगायला मला लाज वाटत नाही.

पण पुढचं सांगायला वाटते. तरी सांगते.

बैठकीत एक सूटवाले गृहस्थ होते, मोठ्या शहरातले, ते म्हणाले की गावोगावचे असे कारागीर आधी बंद केले पाहिजेत. त्यावर एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, “मंग तुमी याल का आमच्या गावाले? रस्ता नाई तिथी.” हशा झाला. खात्याच्या साहेबांनी दोघांना बसवलं आणि म्हणाले, नियमांचं मी शेवटी बोलेन, आधी वापरणाऱ्यांचं ऐकायचंय. आणि माझं नाव पुकारलं.

मी पिशवीतून तुझा पाय काढला, तडकलेला, आणि टेबलावर उभा केला. म्हटलं, हा माझ्या भावानं केला. ह्या पायानं मी चार वर्षं बांधी रोवली. ह्याच्याइतका चांगला पाय मला कुणी दिला नाही, आणि ह्याच पायानं एका माणसाचा गुडघा नेला. दोन्ही खरं आहे. मग सीताबाईकडे बघितलं. ती समोरच बसली होती, झाडूभाऊच्या कुबड्या मांडीवर घेऊन. तिच्याकडे बघूनच मी पुढचं बोलले, आणि आता तुला लिहिते. जुलैच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले आहे.

चीर “थोडेच दिवस आधी” पडली नव्हती. दिवाळीत पडली. झाडूभाऊचं माप तू संक्रांतीनंतर घेतलंस. म्हणजे तू त्याच्या वाटीला भोकं पाडलीस तेव्हा माझी अडीच महिन्यांपासून तडकलेली होती, आणि मला ते ठाऊक होतं. तू त्या दिवसांत घरी जेवायला आलास तेव्हा मी साडी खाली ओढून बसले होते.

हे एवढंच असतं तर मी तुला जुलैतच सांगितलं असतं.

मार्चमध्ये सीताबाईचा फोन आला होता. बोर्डावरच्या बाईचा नंबर तिनं कुणाकडून तरी मिळवला. म्हणाली, “बाई, यायले नवा पाय खालून चावते. रगत दिसते मोज्यावर. तुमचा चावते का?” माझी चीर तेव्हा मला रोज चावत होती. मी म्हटलं, “नाई वं. माझा तर फुलावानी आहे. पहिल्यांदा दुखते, मंग सवय होते.”

फुलावानी म्हटलं मी.

तिनं ते नवऱ्याला सांगितलं. त्यानं हळद-तेल लावलं आणि सवय व्हायची वाट बघत चालत राहिला.

का म्हटलं? पैशासाठी नाही, तुझ्या धाकानं नाही. राजदीपच्या हाताला चूक होत नाही, असं मी सगळ्या बांधीत, सगळ्या बाजारात सांगून बसले होते. बोर्डावर मी होते. माझ्या तोंडून “दुखतं” निघालं असतं तर तुझ्या आधी मीच खाली पडले असते, असं मला वाटलं. तुझा अभिमान म्हणत होते, त्यात अर्धा माझाच होता. मी डॉक्टरसमोर पाय काढला तो काही फार शूरपणा नव्हता. झाडूभाऊ आतल्या खाटेवर होता, तेव्हा लपवायला उरलंच काय होतं?

मी हे सगळं माईकवर सांगितलं. मग सीताबाई उठली. मला वाटलं, आता ही मला मारते. मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. ती म्हणाली, “म्या वाट पाहून राह्यली होती, बाई कधी बोलते ते. राजदीपभाऊले म्या हा फोन सांगतला नाई. त्यायच्या तोंडाकडे पाहून सांगवलं नाई. दर बाजाराच्या दिवशी येतेत ना ते आमच्या घरी.”

हे मला माहीत नव्हतं. तू अहेरीला माझ्यापासून पळून गेलास असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. सीताबाई म्हणाली, तू दर आठवड्याला सायकलीनं अहेरीजवळच्या त्यांच्या गावी जातोस. पहिल्या दिवशी झाडूभाऊनं तोंड फिरवलं तरी ओट्यावर बसून राहिलास. त्याची जखम धुतोस. घरात धरून चालायला बांबूचे कठडे लावून दिलेस. माफी एकदाच मागितलीस, नंतर बोलला नाहीस, नुसतं काम केलंस. राजदीप, भर सभेत माझे डोळे वाहायला लागले, आणि मी ते पुसले नाहीत. तुझ्या पातीत तरंगलं होतं ते तू एकटा गुपचूप लावत बसला होतास. त्यातलं निम्मं माझ्या पातीतलं होतं, आणि ते तुला ठाऊकही नव्हतं.

शेवटी झाडूभाऊ बोलला. त्याला उभं राहता येत नव्हतं म्हणून साहेब माईक घेऊन त्याच्यापाशी गेले. जोहार घालून म्हणाला, “मले कोणाले बंद नाई करायचं. मले पाय पाहिजे. पण पाय देल्ल्यावर महिन्यानं येऊन कोणी तरी विचारलं पाहिजे, दुखते का म्हणून. आन म्या खरं सांगतलं तर त्याले राग नाई आला पाहिजे.” टाळ्या वाजल्या नाहीत. साहेब लिहीत होते.

मी काय मागितलं तेही सांगते. पायाबरोबर एक वही द्या. त्यात लिहा की पाय कुणी केला, कुठल्या दिवशी केला, कुणी तपासला. वापरणाऱ्यानं सांगून काही बदल केला असेल तर तोही लिहा, भोक पाडलं तर भोक लिहा. आणि दुखतं काय, हे लिहायला पानं सोडा. ती पानं वापरणाऱ्याची, कारागिराची नाहीत. म्हणजे बारा माणसं शोधायला कुणाला महिनाभर जीपवाल्यांच्या मागं फिरावं लागणार नाही. साहेब म्हणाले, नियम माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण हे वर पाठवतो. मी म्हटलं, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. भोकाचं वाक्य गाळलं होतं. मी घालायला लावलं.

मला माहीत आहे, हे पत्र वाचून तुझा राग वाढेल. वाढू दे. पण तो आता खऱ्या गोष्टीवर असेल. आणि वाढला तरी पाय करायचं सोडू नकोस. एकट्यानं करू नकोस, नागपूरच्या केंद्रात परत जा, तपासणारं कुणी डोक्यावर असू दे. ह्या दोन जिल्ह्यांत “कुठी न्यायचा आहे” असं विचारणारा मी तरी दुसरा कुणी पाहिला नाही.

तुझी बाई,
वच्छला


२१ डिसेंबर २०२५

राजदीप,

पाय मिळाला. नागपूरच्या बसच्या कंडक्टरनं गोणपाटात बांधलेलं गाठोडं ब्रह्मपुरीच्या स्टँडवर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “बोर्डवाली बाई ना तुम्ही? भाऊनं सांगतलं, सांभाळून द्या.” ऑक्टोबरात तू नागपूरला परत गेलास आणि माझं माप घ्यायला स्वतः न येता केंद्रातल्या मॅडमना गावात पाठवलंस, तेव्हाच मला अंदाज आला होता. मॅडमनी माप घ्यायच्या आधी सोबत आणलेला कागद वाचून पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, हा पाय कुठे कुठे न्यायचा आहे?” कागद कुणी लिहिला होता ते मला कळलं. मी घरात जाऊन तोंड धुऊन आले.

सीताबाईचा फोन आला होता. झाडूभाऊचा पाय माझ्या आधी केलास. मांडीपासूनचा, गुडघ्याच्या सांध्याचा, मॅडमसोबत बसून तीन वेळा वाटी बदललीस म्हणे. आता तो ओट्यावरून खाली उतरतो, विहिरीपर्यंत जातो. माझा नंबर दुसरा लावलास. एरवी मी भांडले असते. ह्यावेळी आख्ख्या टोळीला सांगत सुटले, की भावानं मला थांबवलं आणि त्याचा आधी केला.

गाठोड्यात वही निघाली. दुकानात छापील वह्या मिळतात, पण तू जुन्या वह्यांची कोरी पानं दोऱ्यानं शिवलीस, शाळेत शिवायचास तशीच. मी ती आधी नुसती हातात धरून बसले. पहिल्या पानावर जुन्या पायाची हकिगत, तुझ्या अक्षरात. “भोकं दोन. बाईनं सांगितली, मी पाडली. वाटी कमजोर होईल हे मला माहीत होतं. नाही म्हणायला हवं होतं. पाय दिल्यावर तपासायला गेलो नाही. चीर दिवाळीत. मला कळली एप्रिलमध्ये.” खाली सही. कुणाला नावं ठेवली नाहीस, मलाही नाही, आणि माझी दिवाळीही लपवली नाहीस.

दुसऱ्या पानावर नवा पाय. तारीख, तू केलास म्हणून तुझं नाव, तपासला म्हणून मॅडमची सही. “भोक नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून वरून मांडीपर्यंत रबरी बाही. दर महिन्याला बाही बघणे.” आणि तिसऱ्या पानापासून पुढं सगळं कोरं. वर फक्त एक ओळ: काय दुखतं, बाईनं लिहायचं. त्या पानात एक चिठ्ठी होती, दोनच शब्दांची. खरं लिही.

आठ महिन्यांत तू मला एवढंच बोललास. पुरे आहे.

पुढच्या रोवण्याची वाट कोण बघतो? मी पाय चढवला आणि गावच्या तळ्याच्या, बोडीच्या काठच्या चिखलात उतरले. बायनाबाई आणि आणखी पाचसहा जणी काठावर उभ्या. पाय रुतला, आणि मी ओढला तर निघाला. पुन्हा रुतला, पुन्हा निघाला. दहा पावलं आत गेले, वळले, परत आले. आत थेंब गेला नाही. बाया ओरडायला लागल्या. तुझे भाऊजी बोर्ड घेऊन आले होते, पुसून, आणि तो त्यांनी काठावरच्या झाडाला टेकवून ठेवला होता, म्हणजे फोटोतली मी आणि चिखलातली मी समोरासमोर. म्हटलं, हे काय नाटक? तर म्हणाले, “पत्रा गोठ्यासाठी नको म्हटलं होतं ना तू.” माझ्या आयुष्यात मी इतकी ताठ कधी उभी राहिले नव्हते, राजदीप. तुझ्या पायावर उभी होते आणि तुझ्याविषयी आता सांगायला मला काहीच लपवावं लागत नव्हतं.

तासभर मी त्या चिखलात होते. मग बायनाबाईनं विचारलं, “कसा आहे वं पाय?”

तोंडात “फुलावानी” आलं होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, बोर्डावरची मीही बघत होते. मी ते गिळलं आणि म्हटलं, “चांगला आहे. पण वरून चावते.”

बायनाबाईनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, “मंग मले काऊन सांगून राह्यली? सांग ना त्याले.”

घरी येऊन पाय काढला, कातडी नीट पाहिली, दिव्यानीकडून पट्टी घेऊन मोजलं आणि वहीत लिहिलं. तेच खाली उतरवते. वही माझ्याकडेच राहील, म्हणून तू ह्या पत्रावरून तुझ्याकडे लिहून घे. आणि महिन्यानं बघायला मॅडमना एकट्या पाठवू नकोस, तूही ये.

पान तिसरं. २१ डिसेंबर २०२५. बाहेरच्या बाजूनं, गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं खाली, रुपयाएवढी जागा. एक तास उभं राहिल्यावर दुखते. कातडी लाल आहे, फुटलेली नाही. आजपासून घालणं थांबवलं, तू येईपर्यंत शिबिरातला जुना पाय वापरते.

वच्छला